जुन्या मॅमोग्रामचा दुसरा डाव

मॅमोग्राममध्ये, म्हणजे स्तनांच्या एक्स-रे चित्रात, दिसणारा पांढुरका डाग म्हणजे गाठ की नुसती दाट ऊती, हे मुरलेल्या रेडिओलॉजिस्टलाही काही वेळा ठामपणे सांगता येत नाही. उत्तर कधी कधी पुढच्या वर्ष-दोन वर्षांतच मिळते. तोवर ते चित्र फाइलबंद झालेले असते.

स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या संशोधकांनी अशाच फाइलबंद चित्रांचा संग्रह उभारला. २००८ ते २०१५ या काळात त्या भागातल्या ४० ते ७४ वयाच्या ४,९९,८०७ स्त्रियांना तपासणीचे बोलावणे गेले होते. त्यांच्या चित्रांची संख्या लाखांत आहे. पण नुसत्या चित्रांच्या ढिगाला फारशी किंमत नाही. स्वीडनमध्ये १९४७ पासून प्रत्येक रहिवाशाला ओळख क्रमांक मिळतो आणि १९५८ पासून देशभरच्या कर्करोगांची नोंद ठेवली जाते. हे दोन धागे जुळले की कोणत्या चित्रातल्या बाईला पुढे कर्करोग निघाला आणि कधी, हे कळते. 'सर्व ठीक' असा शेरा मिळालेल्या एखादीला पुढच्या तपासणीआधीच गाठ लागली असेल, तर तिचे जुने चित्र नव्या नजरेने पाहता येते. संशोधनाचे खरे भांडवल हेच. संगणकाला शिकवायचे तर प्रश्नांइतकीच उत्तरेही हाताशी लागतात, आणि ती गोळा करण्याचे कष्ट सहसा कुणाच्या नजरेत भरत नाहीत.

या संग्रहातल्या ८,८०५ स्त्रियांच्या चित्रांवर बाजारातल्या तीन संगणकप्रणालींची परीक्षा झाली. २०२० साली निकाल आला: एक प्रणाली उरलेल्या दोघींच्या स्पष्टपणे पुढे होती. कंपन्यांची नावे मात्र झाकलेली!

पुढची पायरी प्रत्यक्ष तपासणीची. स्वीडनच्या रूढ पद्धतीत तपासणीचा प्रत्येक मॅमोग्राम दोन रेडिओलॉजिस्ट पाहत. स्टॉकहोमच्या काप्यो सांक्त योरान रुग्णालयात ५५,५८१ स्त्रियांच्या चाचणीत 'एक डॉक्टर अधिक संगणक' ही जोडी दोन डॉक्टरांच्या मागे पडली नाही. जोडीला २६१ कर्करोग सापडले, दोन डॉक्टरांना २५०.

अशा संग्रहांतून रुग्णांची माहिती बाहेर जाण्याची भीती खरी आहे. मॅमोग्राम वाचणाऱ्या प्रोग्रॅमच्या, २०१६-१७ मधल्या आंतरराष्ट्रीय 'ड्रीम' स्पर्धेने त्यावर उलटा मार्ग काढला. चित्रे जागेवरच राहिली, स्पर्धकांनी आपला प्रोग्रॅम तिथे पाठवला. एकट्या प्रोग्रॅमला डॉक्टरांवर मात करता आली नाही. अनेक प्रोग्रॅम आणि डॉक्टर एकत्र आल्यावर अचूकता वाढली.

भारतात अशा ठरावीक मुदतीच्या सार्वत्रिक मॅमोग्राफीची सोयच नाही, त्यामुळे तसा साठाही नाही. पण माणसांचा माग ठेवण्याची चिकाटी मुंबईने दाखवली आहे. टाटा मेमोरियलने १९९८ मध्ये सुरू केलेल्या चाचणीत दीड लाखाहून अधिक स्त्रिया होत्या. प्रशिक्षित आरोग्यसेविका निम्म्याजणींच्या स्तनांची हातानेच तपासणी करत. वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०२१ मध्ये निष्कर्ष आला. सगळ्या वयोगटांत मिळून स्तनांच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे १५ टक्क्यांनी घटलेले दिसले, पण संख्याशास्त्राच्या कसोटीला तो फरक उतरला नाही. पन्नाशीपुढच्या बायकांत मात्र ही घट जवळपास ३० टक्के होती, आणि ती त्या कसोटीला उतरली.