बाळ घटले, की काटा चुकला?

सकाळी २६०० ग्रॅम भरलेले बाळ संध्याकाळी २३८० ग्रॅमवर आले. आईच्या डोळ्यांत पाणी. आजी म्हणाली, "दूध पुरेना लेकराला, वरचं सुरू करा." बाळ मात्र नीट पीत होते, लघवीही व्यवस्थित होती. पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन थोडे घटतेच; पण अर्ध्या दिवसात एवढे? पाहिले तर फरशी पुसताना कुणीतरी काटा सरकवला होता आणि त्याचे तबक भिंतीला टेकले होते. थोडा भार भिंतच उचलत होती. काटा दोन बोटे पुढे ओढला, आकडा आला २५९०.

इलेक्ट्रॉनिक काट्याच्या तबकाखाली धातूची एक दांडी असते. तिच्यावर नागमोडी वळणांच्या नखाएवढ्या पट्ट्या चिकटवतात. त्यांना 'स्ट्रेन गेज' म्हणतात. भाराने दांडी किंचित वाकते, पट्टी ताणली जाते आणि तिचा विद्युतरोध बदलतो. हे तंत्र १९३८ च्या सुमारास अमेरिकेत सिमन्स आणि रूज यांनी स्वतंत्रपणे शोधले. वीस किलोच्या काट्यावर अडीच किलोचे बाळ ठेवले, तर ३५० ओहमच्या पट्टीत होणारा बदल साधारण ओहमच्या दहाव्या भागाइतकाच असतो. म्हणून डिंकात हवेचा बुडबुडा राहिला, ओल शिरली किंवा दांडी आदळून कायमची वाकली, की आकडा बिघडतो. उन्हाने धातू प्रसरण पावतो. त्यावर तोड म्हणून चार पट्ट्या जोडतात. दोन ताणल्या जातात, दोन दबतात. उष्णतेचा परिणाम चारींवर सारखा होऊन बराचसा कटतो. तरी परभणीच्या मे महिन्यात उन्हातून आणलेला काटा लगेच वापरू नये.

हा काटेकोरपणा कशासाठी? अडीच किलोखालचे बाळ कमी वजनाचे मानून त्याची जास्त काळजी घेतली जाते. नवजात बाळाच्या औषधाची मात्राही किलोमागे ठरते. दोन किलोच्या बाळामागे दोनशे ग्रॅमची चूक म्हणजे मात्रेत दहा टक्क्यांची चूक.

अंगणवाडीत असो वा दवाखान्यात, काटा सपाट, कडक जागी ठेवा. पंखा बंद करा. दुपटे अंथरून आकडा शून्यावर आणा. रोज प्रमाणित वजन मध्यभागी आणि चारही कोपऱ्यांत ठेवून पाहा. आकडे जुळत नसतील किंवा वजन उचलल्यावर शून्य परत येत नसेल, तर तो काटा बाजूला ठेवून दुरुस्तीला पाठवा. आणि वजन अचानक घटलेले दिसले, तर वरचे दूध सुरू करण्याआधी बाळ पुन्हा एकदा मोजायला सांगा.