लाकूड कातण्याच्या हत्यारांसाठी बेंच ग्राइंडर कसा निवडायचा?

लाटणे, भोवरा, पलंगाचे पाय, पाळण्याचे दांडे, पखवाजाचे खोड. या वस्तू लेथवर फिरत्या लाकडाला हत्यार लावून घडवतात. या कामाला कातकाम म्हणतात आणि ते करणाऱ्याला कातारी. सोलापूर हे मागांचे शहर. मागाच्या कांड्या आणि बॉबिनही प्लास्टिक येण्यापूर्वी लाकडातच कातल्या जात. जिल्ह्यातल्या पंढरपुरात वारकऱ्यांच्या पखवाजाला आजही मागणी असते.

कातकामाची हत्यारे सुताराच्या पटाशीपेक्षा लवकर बोथट होतात. १०० मिमी जाडीचे लाकूड मिनिटाला १००० फेरे घेत असेल, तर एका मिनिटात धारेसमोरून सुमारे ३१४ मीटर लाकूड सरकते. त्यातून बाभळीसारखे कठीण लाकूड असेल, तर तासाभरात अनेकदा धार लावावी लागते. हे हाताच्या दगडावर जमत नाही, म्हणून बेंच ग्राइंडर लागतो.

अडचण अशी की, हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा साधा ग्राइंडर लोखंडाचे काठ घासण्यासाठी, वेल्डिंग साफ करण्यासाठी बनवलेला असतो. तो जसाच्या तसा वापरला तर महागडी पटाशी काही महिन्यांत निम्मी होऊ शकते. म्हणून ग्राइंडर घेताना मोटर किती ताकदीची, यापेक्षा हत्यार किती तापेल आणि किती झिजेल, हे पाहणे महत्त्वाचे.

आधी हत्याराचे पोलाद ओळखा

गावाकडचे लोहार ट्रकच्या जुन्या कमानपाट्यापासून किंवा झिजलेल्या कानशीपासून पटाशा बनवतात. हे पोलाद चांगली धार घेते, पण साधारण २०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापले की मऊ पडू लागते. यालाच ‘हत्याराचे पाणी उतरणे’ म्हणतात. तापताना धारेवर आधी गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा आणि शेवटी सुमारे ३०० अंशांना निळा रंग येतो. निळा झालेला भाग घासून काढून टाकण्याशिवाय इलाज नसतो.

तयार मिळणारी आधुनिक हत्यारे बहुधा हायस्पीड स्टीलची, म्हणजे एचएसएसची असतात. हे पोलाद ५०० अंशांच्या पुढेही कडकपणा टिकवते, त्यामुळे थोडा निळा रंग आला तरी घाबरण्याचे कारण नाही.

दोन्ही पोलादांची ओळख ठिणग्यांवरून पटते. साध्या पोलादाच्या ठिणग्या पिवळ्या-पांढऱ्या, फुलबाजीसारख्या फुटणाऱ्या. एचएसएसच्या लालसर, मंद आणि विरळ.

पाण्याचा नियमही यावरूनच ठरतो. साधे पोलाद गरम होण्याआधीच वारंवार पाण्यात बुडवावे. तापलेले एचएसएस मात्र पाण्यात बुडवू नये, कारण एकदम थंड झाल्याने धारेला सूक्ष्म तडे जाऊ शकतात.

आरपीएम किती असावा?

इंटरनेटवरच्या अमेरिकी सल्ल्यात ‘१७२५ आरपीएमचा स्लो ग्राइंडर घ्या’ असे असते. भारतात तो आकडा शोधून सापडणार नाही. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५० हर्ट्झची. तिथे १७२५ फेरे देणाऱ्या प्रकारची मोटर, म्हणजे चार पोलची, इथे सुमारे १४४० फेरे देते. साध्या ग्राइंडरची मोटर दोन पोलची असते आणि ती सुमारे २८५० फेरे देते.

पण नुसता आरपीएम पाहून चालत नाही. हत्यार तापते ते चाकाच्या कडेच्या वेगामुळे आणि तो वेग चाकाच्या व्यासावरही अवलंबून असतो:

- २०० मिमी (८ इंची) चाक, १४४० आरपीएम: सेकंदाला सुमारे १५ मीटर
- २०० मिमी चाक, १७२५ आरपीएम (अमेरिकी स्लो ग्राइंडर): सुमारे १८ मीटर
- १५० मिमी (६ इंची) चाक, २८५० आरपीएम: सुमारे २२ मीटर
- २०० मिमी चाक, २८५० आरपीएम: सुमारे ३० मीटर

म्हणजे ८ इंची, १४४० आरपीएमचा ग्राइंडर मिळाला तर उत्तम. तो मिळाला नाही, तर साधा ६ इंची ग्राइंडरही चालतो. अमेरिकी स्लो ग्राइंडरपेक्षा त्याच्या कडेचा वेग साधारण पावपटच जास्त आहे. टाळायचा तो ८ इंची वेगवान ग्राइंडर, विशेषतः हत्यारे लोहाराकडची असतील तर. वेग कमी करण्यासाठी पंख्याचा रेग्युलेटर जोडणे हा उपाय नाही. त्याने मोटर तापून जळू शकते.

ताकदीला अर्धा एचपी पुरतो. धार लावताना हत्यार चाकावर दाबायचे नसते, नुसते टेकवायचे असते.

कोणते चाक लावायचे?

खरा फरक इथे पडतो. ग्राइंडरसोबत येणारे करडे चाक बहुधा कडक असते. त्याचे बोथट झालेले कण लवकर सुटत नाहीत. ते घासत राहतात आणि हत्यार तापते. कातकामाला पांढऱ्या ॲल्युमिनियम ऑक्साइडचे चाक घ्यावे. त्याचे कण फुटत जातात आणि आतून नवे, टोकदार कण वर येतात.

चाकाच्या कागदी लेबलवर ‘डब्ल्यूए ६० के ५ व्ही’ अशी खूण असते. डब्ल्यूए म्हणजे पांढरे ॲल्युमिनियम ऑक्साइड. ६० म्हणजे कणांचा आकार. आकडा वाढतो तसे कण बारीक. ‘के’ हे अक्षर चाकाचा कडकपणा सांगते; इंग्रजी वर्णमालेत पुढचे अक्षर म्हणजे जास्त कडक. ५ हा कणांमधल्या मोकळ्या जागेचा आकडा आणि व्ही म्हणजे भट्टीत भाजलेला बंध. एका बाजूला आकार देण्यासाठी ६०, दुसऱ्या बाजूला रोजच्या धारेसाठी ८० किंवा १०० आणि कडकपणा ‘जे’ किंवा ‘के’ ही जोडी पुरेशी आहे. हिरवे सिलिकॉन कार्बाइडचे चाक कार्बाइडच्या टोकांसाठी असते, ते इथे नको.

अशी चाके देशातच बनतात. ग्राइंडवेल नॉर्टन ही कंपनी १९४१ मध्ये उरणजवळच्या मोरा येथे सुरू झाली. चाक मागवताना मधल्या भोकाचा व्यास आणि आपल्या ग्राइंडरच्या शाफ्टचा व्यास जुळतो का, हे मोजून घ्यावे.

सीबीएन चाक हा महागडा पर्याय. १९५७ मध्ये प्रयोगशाळेत प्रथम बनवलेला हा पदार्थ कडकपणात हिऱ्याच्या खालोखाल आहे. पोलादी चकतीवर त्याचा थर दिलेला असतो. चाक झिजून लहान होत नाही आणि ड्रेसरने साफही करावे लागत नाही. पण ते एचएसएससाठी योग्य. मऊ पोलादाने त्याचे कण बुजतात. लोहाराची हत्यारे वापरणाऱ्याने हा खर्च करू नये.

टूल रेस्ट आणि जिग

ग्राइंडरसोबतची पत्र्याची टूल रेस्ट अनेकदा छोटी आणि हलणारी असते. ती काढून रुंद, पक्की, कोन बदलता येणारी रेस्ट बसवावी. गोल पटाशीचा कोन साधारण ४० ते ६० अंश, तर स्क्रेपरचा ७० ते ८० अंश ठेवतात. दर वेळी तोच कोन मिळाला की धारेला दोन-तीन हलके हात पुरतात. कोन बदलत राहिला तर दर वेळी नवा उतार घासावा लागतो आणि पोलाद वाया जाते. गोल पटाशीसाठी जिग घेतली किंवा लाकडात बनवली, तर नवख्यालाही हे जमते.

चाक फुटू नये म्हणून

- चाकावर लिहिलेला कमाल आरपीएम मोटरच्या आरपीएमपेक्षा जास्त हवा.
- नवे चाक बसवण्याआधी बोटावर टांगून लाकडी मुठीने हलके ठोकावे. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर तडा असू शकतो, ते चाक वापरू नये.
- चाकाच्या दोन्ही बाजूंची कागदी चकती काढू नये.
- टूल रेस्ट आणि चाक यांत ३ मिमीपेक्षा जास्त फट ठेवू नये. हत्यार त्यात अडकून चाक फुटू शकते.
- नवे चाक सुरू केल्यावर पहिले मिनिटभर बाजूला उभे राहावे.
- चष्मा घालावा, हातमोजे घालू नयेत, चाकाच्या बाजूच्या सपाट भागावर जोर देऊन घासू नये.

दुकानात काय तपासायचे?

ग्राइंडर चालू करून घ्यावा. टेबलावर थरथरत असेल तर धारही खडबडीत येते. बंद केल्यावर चाक डगमगत न थांबता एकसारखे फिरत थांबले पाहिजे. नावाच्या पट्टीवर आरपीएम पाहावा, चाकावरची लोखंडी झाकणे पक्की आहेत का, हेही पाहावे.

पैसे मोजकेच असतील तर साधा ६ इंची ग्राइंडर, एक पांढरे चाक, एक ड्रेसर आणि पक्की रेस्ट, या क्रमाने खर्च करावा. नुसती मोठी मोटर घेऊन करडेच चाक ठेवले, तर हत्याराचे पाणी उतरायचे थांबत नाही.