लांडग्याच्या मुलखातली राखण

वाघर लावायचं काम दिवस कलायच्या आत उरकावं लागतं. बाजरी काढून मोकळ्या झालेल्या रानात मेंढपाळ आण्णांनी आधी एक फेरी मारली. वारा कुठून येतोय ते पाहिलं, ओढ्याकडच्या बांधाला कुठं खिंडार पडलंय का ते पाहिलं आणि मग पहिली मेख ठोकली. त्यांचे दोन मुलगे, एक पुतण्या आणि शेजारच्या वाड्यावरचे दोघं मेंढके जाळं उलगडत पुढं सरकत होते. छातीपर्यंत उंचीचं हे जाळं पूर्वी सुताचं असायचं, आता नायलॉनचं असतं. आण्णांचे आजोबा याच घाटाच्या जाळ्यात ससे धरायचे. आता त्यात मेंढरं कोंडायची आणि बाहेरचं बाहेर ठेवायचं, एवढंच काम.

"वढ्याकडची बाजू आदी," आण्णा पुतण्याला म्हणाले. "त्यो वढ्यानंच येतोय. वरनं माळानं आला तर कुत्र्याला दिसंल की."

त्यो म्हणजे लांडगा. आण्णा शक्यतो त्याचं नाव घेत नाहीत.

म्हसवडच्या आसपास, माण नदीच्या दोन्ही अंगांना जो उघडा मुलूख आहे, तो सातारा, सांगली आणि सोलापूर या तीन जिल्ह्यांच्या शिवेवर येतो. पाऊस वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आतबाहेर, तोही पडला तर. ब्रिटिशांच्या काळातला राजेवाडीचा तलाव असूनही बाकीचा मुलूख कोरडाच राहिला. कुसळी गवत, तरवड, बोरी, बाभळी आणि मुरमाड टेकाडं. बाहेरच्या माणसाला हे ओसाड वाटतं, सरकारदरबारी असल्या जमिनीला वर्षानुवर्षं पडीक म्हटलं गेलं. प्रत्यक्षात मेंढरू, ससा, खोकड, लांडगा आणि धनगर या सगळ्यांचं पोट याच गवतावर चालतं.

मी इथं आलो ते राखण बघायला, शिकार नाही. अमेरिकेत शेतांवर घरचे आणि मित्र मिळून कायोट या लांडग्याच्या छोट्या भाऊबंदाची शिकार करतात, पहाटे बंदुका घेऊन निघतात, सशाच्या किंकाळीसारखा आवाज काढून त्याला जवळ बोलावतात. आपल्याकडेही इंग्रज साहेब घोडे आणि शिकारी कुत्र्यांचे ताफे घेऊन कोल्ह्यामागं धावायचे, उटकमंडच्या माळांवर तर तो मोठा सोहळा असे. लांडग्याच्या वाट्याला त्याहून वाईट आलं. त्याच्या डोक्यावर सरकारी बक्षीस होतं. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत बक्षिसांसाठी आणि हौसेसाठी या देशात २ लाखांवर लांडगे मारले गेले, असा अंदाज इतिहासकार महेश रंगराजन यांनी मांडला आहे. आज देशभरात मिळून सुमारे तीन हजार उरले असावेत. म्हणजे वाघाच्या आसपासच. पण वाघासाठी राखीव जंगलं आहेत. लांडगा राहतो तो आण्णांसारख्यांच्या मेंढरांशेजारी, शेतकऱ्याच्या बांधावर. म्हणून त्याचं काय होणार हे वनखात्याच्या कचेरीत कमी आणि असल्या रानात जास्त ठरतं.

त्या दिवशी सकाळपासून मी खांडाबरोबर होतो. मेंढरं काळी, दख्खनी. अधूनमधून जतकडच्या माडग्याळ जातीची लांब पायांची, पोपटाच्या चोचीसारख्या नाकाची एखादी. चारताना आण्णांचं लक्ष मेंढरांवर फारसं नसतंच. ते बघतात मेंढरांच्या पलीकडं. टिटवी ओरडली की थांबतात. ओढा ओलांडायची वेळ आली की मोठा मुलगा पुढं, पुतण्या मागं आणि आण्णा स्वतः वरच्या काठावर. कारण ओढ्यात खांड लांबतं, पुढची मेंढरं दिसेनाशी होतात, मागं रेंगाळणारी लंगडी किंवा गाभण मेंढी एकटी पडते. लांडगा तेवढ्यासाठीच तास तास वाट पाहतो.

दुपारी ओलसर वाळूत पुतण्यानं मला माग दाखवला. ठसे एका सरळ रेषेत, पुढच्या पायाच्या ठशावरच मागचा पाय पडलेला. "कुत्रं असतं तर हिकडं हुंगलं असतं, तिकडं हुंगलं असतं," तो म्हणाला. "ह्याला कुटं जायचंय ते ठावं हाय." दहावीनंतर शाळा सोडलेल्या या मुलाचं हे निरीक्षण वन्यजीव अभ्यासकांच्या पुस्तकात जसंच्या तसं सापडतं. लांडगा ऊर्जा वाया घालवत नाही. वीसेक किलोचं त्याचं अंग, हिमालयापलीकडच्या लांडग्यांपेक्षा किरकोळ, रात्रीत कितीतरी कोस तुडवतं.

दिवस टेकडीला टेकला तेव्हा तो दिसला. वाघरीपासून दोनेक शेतं पलीकडं, नांगरटीच्या ढेकळांत, मातीच्याच रंगाचा. बसला होता. लपलेला नव्हता, पळत नव्हता, नुसता आमच्याकडं बघत बसला होता. धाकटा मुलगा काठी घेऊन धावायला निघाला तसं आण्णांनी त्याचं मनगट धरलं.

"त्यो बसलाय त्यो बसू दे. दुसरं कुटं हाय ते बग."

सगळ्यांनी बसलेल्याकडं पाठ केली. मला हे फार विलक्षण वाटलं. सहा माणसं डोळ्यांसमोरचं जनावर सोडून मोकळ्या रानाकडं नजर लावून उभी राहिली. आणि खरंच, उलट्या अंगानं, ओढ्याच्या चिल्लारीच्या झुडपांतून दुसरा येत होता. मान खाली, पाठ आणि डोकं एका रेषेत. अजून वाघरीत न गेलेली कोकरं त्याच बाजूला होती. शेजारच्या वाड्यावरच्या तात्यांनी ठेवणीतली आरोळी दिली, कुत्री सुटली, आणि झुडपांतला लांडगा वळला. घाबरून पळाल्यासारखा नाही. ठरलेलं जमलं नाही म्हणून माघारी निघाल्यासारखा. मागं वळून पाहिलं तेव्हा ढेकळांतला पहिला उठून गेला होता.

माणदेशातले म्हातारे मेंढके ही जोडीची चाल पिढ्यानपिढ्या जाणतात. एक तोंड दाखवतो, दुसरा डल्ला मारतो. नर-मादी आणि आदल्या वर्षीची पिल्लं असं कुटुंब मिळून शिकार करतं. त्या संध्याकाळी रानात समोरासमोर दोन कुटुंबं होती, आणि दोघांनाही लहानग्यांची काळजी होती. ऑक्टोबर ते डिसेंबर हा लांडग्यांच्या जुगण्याचा काळ. साधारण दोन महिन्यांनी मादी ओढ्याच्या दरडीत बीळ करून विते. आण्णांच्या खांडातही तेव्हाच कोकरं झालेली असतात.

रात्री शेकोटीभोवती भाकरी आणि हुलग्याचं माडगं झालं, आणि विषय निघायचा तो निघालाच. शेताचे मालक येऊन बसले होते. त्यांच्या रानात तीन रात्री मेंढरं बसवायची, बदल्यात बाजरी आणि थोडे पैसे असं ठरलेलं. लेंडी आणि मूत मुरलेल्या रानाला पुढं दोन-तीन वर्षं दुसरं खत फारसं लागत नाही, म्हणून मेंढरं बसवायला शेतकरी आजही वाट बघतो. मालकांचा मुलगा बारामतीला शिकतो. तो म्हणाला, "आण्णा, एकदाचा बंदोबस्त का करत नाही? मेलेल्या मेंढरात थायमेट घालून ठेवायचं. सगळा कळप साफ."

आण्णा लगेच काही बोलले नाहीत. चिलीम झटकली. मग म्हणाले, "आमच्या शेजारच्या वाड्यावर केलं हुतं कुनी तरी. चार कुत्री मेली. राखणीची. लांडगं मेलं का न्हाई, कुनाला ठावं. आन् दुसऱ्या वरसाला नवी लांडगी आली. त्यास्नी ना वाघर ठावं, ना मानूस. दिवसाढवळ्या खांडात शिरायची." थोडं थांबून पुढं, "हितला त्यो आमाला वळकतो. आमी त्याला वळकतो. त्याला वरसाला येकादं कोकरू जातंय. जाऊ दे. त्याचाबी वाटा हाय."

मुलानं कायदा काढला नाही, मीच काढला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात लांडगा पहिल्या अनुसूचीत, वाघाच्याच रांगेत आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर कोल्हा आणि खोकडही त्याच रांगेत आले. मारलं तर किमान तीन वर्षं तुरुंग आणि किमान २५ हजार दंड. पण त्या रात्री शेकोटीपाशी कायद्यापेक्षा आण्णांचं बोलणं जड होतं, आणि ते बरोबरही होतं. कायोटच्या बाबतीत अमेरिकेनं हाच धडा शंभर वर्षं घेतला आहे. तिथं सरकारी यंत्रणाच दरवर्षी हजारो कायोट मारते. शिवाय हौशी शिकारी वेगळे. तरी पूर्वी फक्त पश्चिमेच्या माळांवर असलेला कायोट आज जवळपास सगळ्या उत्तर अमेरिकेत पसरला आहे. जमलेली जोडी फुटली की मोकळ्या झालेल्या हद्दीत नवी जनावरं घुसतात, तरण्या माद्याही वितात. हद्द सांभाळून असलेलं लांडग्याचं कुटुंब हे मेंढक्याच्या दृष्टीनं ओळखीचं संकट असतं, आणि ओळखीच्या संकटाची राखण करता येते.

राखणीचा खर्च मात्र मेंढकाच सोसतो, हे कुणी विसरू नये. लांडग्यानं मेंढरू मारलं तर वनखातं भरपाई देतं. त्यासाठी ४८ तासांत कळवायचं, मढं हलवायचं नाही, पंचनाम्याची वाट बघायची. पण आज इथं आणि उद्या दहा कोसांवर असलेल्या बिऱ्हाडानं मेलेल्या मेंढीपाशी दोन दिवस बसायचं कसं? बाकीचं खांड उपाशी ठेवून? आण्णांनी आजवर एकदाच पैसे मागितले. तेव्हा मारलं ते लांडग्यानं की कुत्र्यांनी, यावर वाद झाला आणि प्रकरण तिथंच राहिलं. खरं तर मढं बघून मेंढका चटकन सांगतो. लांडगा नरडं धरतो, नेमकं एक पाडतो, ओढून नेतो. गावच्या मोकाट कुत्र्यांचा जमाव शिरला तर पाच-दहा मेंढरं फाडून टाकतो आणि खात काहीच नाही. त्यांचा त्रास आता लांडग्यापेक्षा जास्त, असं त्या रात्री प्रत्येकानं सांगितलं. पुण्याजवळच्या माळांवर लांडगा आणि कुत्रा यांच्या संकरातून झालेली जनावरंही सापडली आहेत. तसलं काही इकडं आलं तर त्याची चाल कोण ओळखणार, हा प्रश्न तात्यांनी विचारला आणि कुणालाच उत्तर देता आलं नाही.

झोपायची जागा ठरलेली असते. वाघरीच्या चार कोपऱ्यांना चार गडी, प्रत्येकाच्या उशाला काठी आणि बॅटरी, अंगावर घोंगडं. चिंचोक्याची खळ दिलेलं घोंगडं थंडीला आणि दवाला दोन्हीला पुरतं. नवं असताना अंगाला टोचतं, पण त्यानं गाढ झोपही लागत नाही. कुत्री वाघरीच्या बाहेर, जराशी लांब. आण्णांना कुत्र्यांच्या भुंकण्यातला फरक कळतो. वाटसरू, डुक्कर, कोल्हा, प्रत्येकाला वेगळं. मध्यरात्रीनंतर ती एकदम गप्प झाली आणि आण्णा उठून बसले. भुंकण्यानं ते उठले नव्हते. मेंढरंही उठली, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. तात्या, मुलगे, पुतण्या, कुणी कुणाला हाक न मारता आपापल्या बाजूला उभे राहिले. बॅटऱ्यांचे झोत ओढ्यावरून फिरले. हिरवट चमकणारे दोन डोळे क्षणभर दिसले, मग नाहीसे झाले. बराच वेळ कुणी बसलं नाही.

मला जे सांगायचं आहे ते याच घडीला पक्कं झालं. मारायला एक माणूस, एक गोळी किंवा मूठभर विष पुरतं. न मारता राखायला कुटुंब लागतं, शेजारचा वाडा लागतो, वाऱ्याची दिशा, ओढ्याचं वळण, कुत्र्याचा स्वभाव, मेंढराचा कान हे सगळं माहीत असणारी माणसं लागतात. हे ज्ञान कुठल्याही शाळेत शिकवत नाहीत. दहिवडीला सरकारचं मेंढीपालन केंद्र आहे, तिथं चांगल्या जातीचे नर मिळतात. पण लांडगा बसलेला दिसला की पाठ फिरवून दुसरा शोधावा, हे रानातच शिकावं लागतं. अशा मेंढक्यांना राखणीचा मेहनताना द्यावा, वाघरीला आणि चांगल्या कुत्र्यांना मदत करावी, भरपाईचा पंचनामा बिऱ्हाड जिथं असेल तिथं चोवीस तासांत व्हावा, असं मला मनापासून वाटतं. लांडगा टिकलाच तर तो यांच्यामुळं टिकेल.

मात्र रानच आता बदलतं आहे. उरमोडी आणि टेंभू योजनांचं पाणी या टापूत पोचलं. दुष्काळानं पोळलेल्या माणसाला त्याचं मोल सांगायची गरज नाही, २०१२-१३ मध्ये इथली जनावरं चारा छावण्यांत जगली. पाण्याबरोबर ऊस आला, मका आला, आणि पिकाबरोबर लपायला जागा मिळालेली कोल्ही आणि डुकरं आली. लांडग्याला मात्र उघडं रान लागतं, मेंढरालाही. म्हसवड-धुळदेवच्या माळावर बंगळूरू-मुंबई औद्योगिक पट्ट्यातली वसाहत आखली गेली आहे. तरण्या पोरांना त्यातून काम मिळावं हे बरोबरच आहे. पण माळ म्हणजे रिकामी जागा, या समजुतीवर नकाशे काढले जाऊ नयेत; कुठले ओढे, कुठले गवताचे पट्टे आणि मेंढरांच्या कुठल्या वाटा मोकळ्या ठेवायच्या हे आधी मेंढक्यांना विचारावं.

पहाटे बिऱ्हाडातल्या आक्कांनी कोकरं सोडली. अंधारात त्या प्रत्येक कोकरू आईपाशी नेत होत्या, चुकलेलं उचलून बरोबर मेंढीखाली लावत होत्या. मोजदाद त्यांची. सगळी भरली. मालक बाजरीचं पोतं घेऊन आले, आण्णांनी हात लावून धान्य पाहिलं. म्हसवडच्या सिद्धनाथाच्या रथाची जत्रा झाली की बिऱ्हाड खाली बागायती मुलखाकडं निघणार होतं, तोवर आणखी दोन रानं ठरलेली होती. त्यांतल्या एकाशेजारी यंदा ऊस उभा राहिला होता. तिथं वाघर कुठल्या अंगाला लावायची यावर आण्णा आणि तात्या मेखा उपटता उपटता बोलू लागले. तात्यांचं म्हणणं उसापासून निदान एक शेत सोडून बसावं, आण्णांचं म्हणणं मालक तेवढं रान द्यायचा नाही, कुत्रीच दोन वाढवावी लागतील.