आंत्रस्थ जीवाणू आणि कोंबडीची अस्थी

वेळापूर हे सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातील गाव. या जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो. अशा प्रदेशात कुक्कुटपालनाचा विचार करताना अंड्यांच्या संख्येइतकेच कोंबडीच्या अस्थींच्या बळाकडेही लक्ष देणे अगत्याचे आहे.

अंड्याच्या एका कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असते. कवचाची जडणघडण मुख्यत्वे रात्री होते आणि त्या वेळी आंत्रातील खाद्य संपत आलेले असते. ही उणीव भरून काढण्यासाठी निसर्गाने कोंबडीच्या लांब हाडांच्या पोकळीत ‘मज्जास्थी’ची योजना केली आहे. ईस्ट्रोजेनच्या प्रभावाने निर्माण होणारी ही अस्थी म्हणजे कॅल्शियमची राखीव गंगाजळीच होय. मात्र ही भरपाई अपुरी पडल्यास शरीराचा भार वाहणाऱ्या अस्थींचीही झीज होऊ लागते. कवच काही काळ चांगले राहते, पण हाड आतून ठिसूळ होत जाते. म्हणूनच केवळ कवचावरून पक्ष्याच्या प्रकृतीचा अंदाज बांधणे फसवे ठरते.

उष्णतेमुळे हे संकट दुहेरी होते. धापा टाकणाऱ्या कोंबडीच्या रक्तातील कर्बद्विप्राणिद वायू घटतो आणि कवचास लागणाऱ्या कार्बोनेटचा पुरवठा कमी पडतो. शिवाय आंत्राचे अस्तर शिथिल होऊन जंतूंची विषारी द्रव्ये रक्तात शिरतात. त्यातून उद्भवणारा दाह अस्थिभक्षक पेशींना चेतवितो.

येथेच प्रोबायोटिक, म्हणजे योग्य प्रमाणात दिले असता यजमानास हितकर ठरणारे जिवंत सूक्ष्मजीव, यांचा संबंध येतो. नुर्मी व रांताला या फिनलंडमधील संशोधकांनी १९७३ साली असे दाखविले की, प्रौढ कोंबड्यांच्या आंत्रातील जीवाणू पिलांना दिल्यास साल्मोनेलाचा शिरकाव रोखला जातो. अस्थींवरील परिणामाचे मार्ग तीन संभवतात. पहिला मार्ग असा की, जीवाणूंनी निर्माण केलेली सेंद्रिय आम्ले आंत्रातील आम्लता वाढवितात, त्यामुळे कॅल्शियमची विद्राव्यता वाढते. दुसरा मार्ग फॉस्फरसचा. धान्यातील सुमारे दोन-तृतीयांश फॉस्फरस फायटेटच्या रूपात बद्ध असतो आणि काही जीवाणूंची विकरे तो मोकळा करतात. तिसरा मार्ग म्हणजे आंत्राचे अस्तर दृढ होऊन दाहाचे शमन होणे. मांसल कोंबड्यांवरील २००६ सालच्या एका प्रयोगात बॅसिलस जीवाणू दिल्याने जंघास्थीची भित्ती जाड झाली व राखेचे प्रमाण वाढले; परंतु कॅल्शियमच्या प्रमाणात फरक पडला नाही. परिणाम जीवाणूची जात, मात्रा व आहार यांवर अवलंबून असल्याने एका प्रयोगावरून सार्वत्रिक निष्कर्ष काढणे उचित नव्हे.

जातीची निवड हाही महत्त्वाचा प्रश्न होय. लॅक्टोबॅसिलसचे जिवंत जीवाणू साठवणीतील उष्णतेत व क्लोरीनयुक्त पाण्यात लवकर मरतात; बॅसिलसची बीजाणुरूपे मात्र तग धरतात. सोलापूरसारख्या हवामानात बीजाणुधारी जातींना प्राधान्य मिळते ते यामुळेच.

तथापि जीवाणू हे खनिजांना पर्याय नव्हेत. आहारात सुमारे ३.५ ते ४ टक्के कॅल्शियम, पुरेसा फॉस्फरस आणि ड-३ जीवनसत्त्व नसेल, तर शोषण सुधारूनही लाभ अल्पच राहील. पाणी, सावली व वायुवीजन यांची सोय प्रथम, जीवाणू नंतर, हाच क्रम इष्ट होय. या विषयाचा अभ्यास करणाऱ्यांनी कवचाच्या जाडीबरोबर जंघास्थीची राख व भंगबल यांचेही मापन करावे. ते उन्हाळ्यातही घ्यावे आणि अंडी देण्याच्या काळाच्या अखेरीसही. अस्थींचा हिशेब त्याच वेळी खरा उमगतो.