हात धुतले, मोबाइलचं काय?

नागपुरात सीताबर्डीच्या मेन रोडवर पाणीपुरी संपते न संपते, तोच ओली बोटं मोबाइलवर फिरू लागतात. घरी गेल्यावर हात धुतले जातात, मोबाइल क्वचितच.

मार्च 2020 मध्ये नागपुरात कोरोनाचा पहिला रुग्ण सापडला. त्याच आठवड्यात अ‍ॅपलनं 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या वाइप्सनी फोन पुसायला मुभा दिली. 99 टक्के का नाही? ते भुर्रकन उडून जातं. पाणी मिसळलेलं अल्कोहोल टिकतं आणि जंतूंना पुरतं मारतं.

आधी फोन बंद करून चार्जर काढावा. द्रव मऊ फडक्यावर घ्यावा, फोनवर थेट फवारू नये. फडकं ओलसर हवं, निथळतं नको. ब्लीच तर नकोच. पडद्यावरचा ठसेरोधक लेप त्यानं जातो. चार्जिंगच्या खाचेत उन्हाळ्यातली धूळ बसते. तिथे टाचणी खुपसू नये, कोरडा मऊ ब्रश पुरे. टीव्हीचा रिमोटही असाच पुसावा, त्याचे सेल मात्र आधी काढावेत.