नर्सिंग की पॅरामेडिक?

बारावीला जीवशास्त्र घेतलेले कॅडेट हल्ली विचारतात, “सर, डॉक्टर नाही झालो तर नर्सिंग घ्यावं की पॅरामेडिक?” त्यातलं ‘नाही झालो तर’ आधी खोडा, मग बोलू.

खरा फरक रुग्ण किती वेळ आपल्या हाती असतो याचा आहे. १०८ च्या गाडीवरच्या माणसाला तो रस्त्यात भेटतो. श्वास मोकळा करायचा, रक्त थांबवायचं, मान हलू द्यायची नाही आणि रुग्णालयाच्या दारात सोपवून पुढच्या कॉलला निघायचं. तो जगला का, हे बहुधा कळतही नाही. वॉर्डातल्या सिस्टरला तोच रुग्ण रात्रभर सांभाळायचा असतो: सलाईन, औषधांच्या वेळा, घाबरलेले नातेवाईक. पहाटे तीनला नाडी बिघडली, तर ते आधी तिलाच कळतं.

पालकांनी एक पाहावं. नर्सिंग परिषदेचा कायदा १९४७ चा. पॅरामेडिकल शाखांसाठी देशपातळीवरचा कायदा आला २०२१ मध्ये. म्हणून तिथे प्रवेशाआधी अभ्यासक्रमाची मान्यता तपासाच.

फौजेचं म्हणाल, तर मुलींना नीट देऊन पुण्याच्या एएफएमसीत चार वर्षांचं बी.एस्सी. नर्सिंग करता येतं आणि पुढे मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये लेफ्टनंट होता येतं. या जागा मुलींसाठीच निघतात. मुलांना आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंटची भरती आहे, पण ते अधिकारीपद नव्हे. बाहेर बी.एस्सी. नर्सिंग मुलांनाही खुलं आहे; लाजू नका.

ठरत नसेल तर एक रविवार शाळेच्या एमआय रूममध्ये बसून पाहा.