दम्याच्या लेकराचे ताट रिकामे करू नका

जुळे सोलापुरातल्या विहारात रविवारची वंदना झाली की आम्ही थोडा वेळ थांबतो. नर्सिंगची नोकरी सोडून वस्तीत आरोग्याचे काम करू लागल्यापासूनची ही सवय. थंडी पडली की आयांचा एकच प्रश्न असतो : "ताई, पोराला बाळदमा आहे, काय काय खायचे बंद करू?" विचारण्याआधीच केळी, पेरू, दही, दूध, अंडी बंद झालेली असतात. ताटात उरतो चहा आणि टोस्ट. लेकरू वाळते, छातीतली घरघर मात्र तशीच राहते.

दम्यात श्वासनळ्यांना आतून सूज येते, त्या आवळतात आणि चिकट कफ साचतो. दूध, केळे किंवा दही यांमुळे सर्वच मुलांचा दमा वाढतो, याला पुरावा नाही. काही थोड्या मुलांना मात्र ठराविक पदार्थाची खरी ॲलर्जी असते. तो पदार्थ खाल्ला की दर वेळी, बहुधा दोन तासांच्या आत, अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, उलटी होते किंवा धाप लागते. असे झाले तर तेवढाच पदार्थ थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. सगळे ताट रिकामे करू नका.

मग आहाराचा संबंध कुठे येतो? २०१३ साली 'आयझॅक' या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात ५१ देशांतली १३-१४ वर्षांची तीन लाखांहून अधिक मुले होती. आठवड्यातून तीन किंवा अधिक वेळा फास्ट फूड खाणाऱ्या मुलांत तीव्र दम्याचा धोका ३९ टक्क्यांनी जास्त आढळला. तितक्याच वेळा फळे खाणाऱ्यांत तो ११ टक्क्यांनी कमी होता. खाण्यानेच दमा होतो, असे यावरून सिद्ध होत नाही. पण दिशा कळते. वजन फार वाढलेल्या मुलांचा दमाही आटोक्यात ठेवणे अवघड जाते.

आपल्याकडे महागडे काही आणायची गरज नाही. ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी, शेंगाची चटणी, अंडे, जमेल तेव्हा मासे आणि हंगामातले स्वस्त फळ, मग तो पेरू असो वा केळे. कुरकुऱ्यांच्या पुड्याला रोज दिले जाणारे पाच-दहा रुपये फळावर खर्च करा. रात्री पोट तुडुंब भरून लगेच झोपवू नका.

दरवर्षी मृगाच्या सुमारास हैदराबादला जिवंत माशातून दम्याचे औषध दिले जाते. दूरदूरहून लोक तिथे जातात. त्याने दमा बरा होतो, असे शास्त्रीय चाचणीत दिसलेले नाही. आहारही औषधाची जागा घेत नाही. "पंपाची सवय लागते" ही भीती खोटी आहे. पंपातले औषध थेट फुप्फुसात जाते, म्हणून ते अगदी कमी मात्रेत पुरते. लहान मुलांना पंप स्पेसर लावूनच द्या आणि बरे वाटले म्हणून मनाने बंद करू नका.

धूर मात्र नक्की टाळा : चूल, बिडी, डासांची कॉइल. विहारात अगरबत्ती लावली असेल तर अशा लेकराला खिडकीजवळ बसवा. घरी विड्या वळल्या जात असतील तर तंबाखूच्या धुळीपासून त्याला दूर ठेवा.

बोलताना वाक्य पुरे होत नसेल, श्वास घेताना बरगड्यांमधली जागा आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर घरगुती उपाय करत बसू नका. डॉक्टरांनी दिलेला आराम देणारा पंप द्या आणि १०८ ला फोन करून लगेच दवाखाना गाठा.

पुढच्या रविवारी येताना लेकराला आणि त्याच्या पंपाला सोबत आणा. पंप कसा ओढायचा ते आम्ही दाखवू. आणि येण्याआधी त्याला पोटभर जेवू घाला.